विश्लेषण : एका आज्ञेत शेकडो रिपॉझिटरींची दुरुस्ती… मग उशीर कुठे होतो?

डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४जे’ या जावा भाषेतील मोफत घटकात गंभीर त्रुटी असल्याचे उघड झाले. प्रोग्रॅम चालताना काय घडले याची नोंद ठेवणे, एवढेच या घटकाचे काम. पण त्या नोंदीत विशिष्ट मजकूर शिरवला की हल्लेखोराला दूरवरून सर्व्हर ताब्यात घेता येत होता. गांभीर्याच्या मोजपट्टीवर या त्रुटीला १० पैकी १० गुण मिळाले. दुरुस्ती अनेक ठिकाणी एका ओळीची होती: आवृत्तीचा जुना क्रमांक खोडून नवा लिहायचा. तरीही अमेरिकी सरकारच्या एकाच खात्याचे या कामी ३३ हजार तास खर्च झाल्याचे पुढे सरकारी अहवालात नमूद झाले. असे का होते?

एक ओळ, पण किती ठिकाणी?

प्रोग्रॅमचा कोड आणि त्यातील प्रत्येक बदलाचा इतिहास ज्या साठ्यात ठेवतात त्याला रिपॉझिटरी म्हणतात. मोठ्या कंपनीत लॉगिन, पैसे भरणे, पावती, संदेश अशा प्रत्येक सेवेची रिपॉझिटरी वेगळी आणि ती सांभाळणारा चमूही वेगळा असतो. गूगलसारखी कंपनी आपला बहुतांश कोड एकाच अवाढव्य रिपॉझिटरीत ठेवते. बाकीच्यांना मात्र तीच ओळ दोनशे ठिकाणी दोनशे वेळा बदलावी लागते. लॉग४जेच्या बाबतीत तर डिसेंबर संपण्याआधी एकामागून एक चार दुरुस्त आवृत्त्या आल्या, कारण पहिली दुरुस्ती अपुरी ठरली आणि नंतर आणखी त्रुटी सापडल्या. म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा.

टर्बोलिफ्टसारखी साधने काय करतात?

‘टर्बोलिफ्ट’ हे स्कायस्कॅनर या प्रवास क्षेत्रातील कंपनीने तयार करून सर्वांसाठी खुले केलेले साधन आहे. ते माऊसने नव्हे, तर काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालवतात. आधी एका साध्या फाइलमध्ये रिपॉझिटरींची यादी लिहायची. पहिली आज्ञा त्या सगळ्यांच्या प्रती आपल्या संगणकावर उतरवते. दुसरी प्रत्येक प्रतीत तोच बदल करते. तिसरी बदलाची नोंद करते आणि चौथी प्रत्येक रिपॉझिटरीच्या चमूकडे ‘पुल रिक्वेस्ट’, म्हणजे बदल मंजूर करण्याची विनंती, पाठवते. चार दिवसांचे काम दुपारच्या जेवणाआधी उरकू शकते.

यादीतच नाव नसेल तर?

साधन यादीतल्या घरांचीच दारे ठोठावते. २०१७ मधील इक्विफॅक्स प्रकरण हेच सांगते. ‘अपाचे स्ट्रट्स’ या घटकाची दुरुस्ती मार्चमध्ये उपलब्ध झाली, ती बसवण्याची सूचनाही कंपनीत फिरली. पण तक्रार नोंदवण्याच्या एका संकेतस्थळात हा घटक आहे हे हेरले गेले नाही. मे ते जुलै हल्लेखोर आत होते आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. लॉग४जेमध्ये शोध आणखी कठीण होता. बाधित पॅकेजांपैकी ८० टक्क्यांहून अधिक ठिकाणी हा घटक थेट नव्हता; दुसऱ्या घटकाच्या पोटात दडलेला होता. अशा ठिकाणी बदलायची ती ओळच आपल्या कोडमध्ये नसते.

मंजुरीची पायरीच काढून टाकली तर?

मोह होतो, पण उलटाही अनुभव आहे. मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स’ या प्रकल्पातील २३ हजारांहून अधिक रिपॉझिटरी वापरत असलेल्या एका साधनात घातक कोड घुसवण्यात आला. हल्लेखोरांनी आवृत्त्यांची जुनीच लेबले नव्या, घातक कोडला चिकटवली. लेबलावर विसंबून असलेल्यांकडे तो आपोआप पोहोचला. मध्ये कुणी पाहणारे नव्हते. चांगली दुरुस्ती ज्या वेगाने पसरते, त्याच वेगाने वाईट बदलही पसरतो.

अडचण नेमकी कुठे उरते?

बदल करणे आता स्वस्त झाले आहे. तो वाचून जबाबदारीने मंजूर करणे नाही. ज्या रिपॉझिटरीचा चमू कधीच विखुरला, तिथे पुल रिक्वेस्ट महिनोन्‌महिने पडून राहते आणि नेमकी तीच फट हल्लेखोराला पुरते. म्हणून आधी पाच-दहा ठिकाणी बदल करून चाचण्या पाहणे, मग उरलेल्यांकडे वळणे हा शहाणपणाचा क्रम. त्याहून महत्त्वाची तयारी संकटाआधीची: कोणता घटक कुठे वापरला आहे याची अद्ययावत यादी आणि प्रत्येक रिपॉझिटरीपुढे मालकाचे नाव. अमेरिकी अहवालाच्या अंदाजानुसार लॉग४जेची जुनी रूपे दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ कुठे ना कुठे उरतील. ती उरतील ती बहुधा कुणाच्याच यादीत नसलेल्या जागी.