सुट्टी कोणाची, खाडा कोणाचा?

२२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेनिमित्त महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. कायद्याच्या चार विद्यार्थ्यांनी तिला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने आदल्या दिवशी, रविवार असूनही, सुनावणी घेऊन याचिका फेटाळली. लोक पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलेला सण निराळा आणि राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीने उभा केलेला उत्सवदिन निराळा, असे आमचे मत आहे आणि म्हणूनच ती सुट्टी आम्हांस गैर वाटते. परंतु त्या वादात समर्थक व विरोधक या दोघांच्याही नजरेतून निसटलेली एक गोष्ट सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत उभे राहिले म्हणजे तत्काळ दिसते.

येथे टॉवेल व चादरी विणणाऱ्या यंत्रमाग कामगारास मजुरी मिळते ती विणलेल्या मालावर. माग चालला तर दाम, थांबला तर खाडा. मालकाने माग चालू ठेवला तर सुट्टीच नाही. बंद ठेवला तर सुट्टी कामगाराच्या पोटावर. कुंभारीच्या वसाहतीत विड्या वळणाऱ्या स्त्रियांचेही तेच. त्यांचा हिशेब हजार विड्यांवर. याच कुंभारीत १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते यंत्रमाग, विडी व इतर असंघटित कामगारांसाठीच्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण झाले. तीन दिवसांनी सुट्टी आली. त्या घरांतील माणसांची त्या दिवसाची मजुरी कोण देणार, याविषयी सुट्टीच्या आदेशात अक्षर नव्हते.

आणि ते असणार तरी कसे? ही सुट्टी दिली जाते १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या २५ व्या कलमाखाली. हुंडीची वा वचनचिठ्ठीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर पैसे केव्हा द्यावयाचे, हा त्या कलमाचा विषय. सावकाराची मुदत कधी भरते ते हा कायदा सांगतो; मजुराची चूल त्या दिवशी कशी पेटावी, हे त्याच्या कक्षेबाहेरचे.

सोलापूरच्या कामगाराला सण नकोत असे मात्र कोणी समजू नये. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथ निघतो, रमजान ईदही याच पेठांत साजरी होते. यांपैकी कशालाही मंत्रालयाच्या आज्ञेची वाट पाहावी लागली नाही. माणसे पोटाला चिमटा घेऊन, पुष्कळदा उचल काढून, हे दिवस पाळतात.

आपल्यातील काही मित्र सण म्हटला की नाक मुरडतात. त्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण करावे. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारच्या सुट्टीची मागणी त्यांनी १८८४ पासून लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, असा युक्तिवाद करण्यात या सत्यशोधकाने कमीपणा मानला नाही. १० जून १८९० रोजी ती सुट्टी मान्य झाली. देव लोकांचा होता आणि मागणीही लोकांचीच होती.

मग आज मागावयाचे काय? २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला आठ पगारी सुट्ट्या दिल्या. चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक व कामगार यांनी वर्षारंभापूर्वी परस्पर संमतीने ठरवावयाच्या. कोणाला मार्कंडेय रथ, कोणाला सिद्धेश्वर, कोणाला ईद. शासनाला कोणत्याही देवाची निवड करण्याचे कारण उरत नाही. हीच तरतूद यंत्रमागाच्या शेडपर्यंत पोहोचली पाहिजे, आणि मालावर मजुरी घेणाऱ्यास मागील कमाईच्या सरासरीने त्या दिवसाचे पैसे मिळाले पाहिजेत. लहान मागधारक म्हणेल की विजेचे बिल व सुताचा भाव यांतून आपणच तरत नाही. त्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. परंतु एक मालक नसलेल्या हमालालाही १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळामार्फत, मालकांकडून लेव्ही घेऊन, असे हक्क मिळवून दिले. टॉवेल-चादरीच्या विक्रीवर अशी लेव्ही बसविणे अशक्य नाही. ज्या शासनाला सुट्ट्या वाटण्याची एवढी हौस आहे त्याने तीत आपला वाटा घालावा.

पुढील वर्षाच्या सुट्ट्यांची यादी निघण्यापूर्वी सोलापुरातील कार्यकर्त्यांनी वसाहतीत शेडवार फिरून, गेल्या वर्षी कोणत्या सणाला किती खाडे पडले आणि किती रुपये बुडाले, याची नोंद करावी. ती नोंद घेऊनच कामगार आयुक्तांच्या कचेरीत जाऊ.