पाकिटावर न छापलेले घटक

मासिक पाळीचा विषय राजकीय साप्ताहिकात कशासाठी, असे विचारणारे साथी आजही भेटतात. जी वस्तू कोट्यवधी स्त्रियांना सुमारे पस्तीस वर्षे दरमहा विकत घ्यावी लागते, तिच्यात काय घातले आहे हे कळू न देणारी बाजारपेठ हा अर्थकारणाचाच विषय आहे.

दिल्लीच्या ‘टॉक्सिक्स लिंक’ या संस्थेने २०२२ साली भारतीय बाजारातील दहा सॅनिटरी पॅडची तपासणी प्रसिद्ध केली. दहाही नमुन्यांत थॅलेट्स आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगे आढळली. ‘ऑरगॅनिक’ म्हणून विकले जाणारे चार पॅडही त्याला अपवाद नव्हते. प्लास्टिक मऊ राहावे, सुगंध टिकावा यासाठी थॅलेट्स वापरतात. शरीरातील संप्रेरकांच्या कार्यात ती ढवळाढवळ करतात. रसायन सापडले म्हणजे रोग जडलाच, असा निष्कर्ष यावरून निघत नाही, आणि कार्यकर्त्यांनी गावोगाव तशी घबराट पसरवूही नये. परंतु योनिमार्गाजवळची त्वचा नाजूक असते, तिच्यातून शोषण सहज होते. तिथे दरमहा चार-पाच दिवस राहणाऱ्या वस्तूला मर्यादेचे बंधन नसावे, हे कोणत्या न्यायाने?

थॅलेट्सचे भय शासनाला अपरिचित नाही. मुलांच्या खेळण्यांत ती किती असावीत याचे भारतीय मानक आहे, आणि खेळण्यांची मानके २०२१ पासून सक्तीची झाली. पॅडचे मानक २०१९ साली सुधारले तेव्हा शोषणक्षमता पाहिली, आम्लता पाहिली, जंतूंचे प्रमाण पाहिले. थॅलेट्सची मर्यादा मात्र घातली नाही. बाहुलीला जे संरक्षण मिळाले ते बाहुलीशी खेळणारी मुलगी वयात आल्यावर तिला मिळाले नाही.

यावर ‘सुती कापड वापरा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. कापड चांगलेच, पण ते भरपूर पाण्याने धुवावे लागते आणि कडक उन्हात वाळवावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या स्त्रीला हा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा? उघड्यावर ते कापड वाळत घालण्याची मुभा तरी किती घरांत आहे? नांदेडची गोष्ट आणखी विपरीत. ‘नांदेड-४४’ हे कपाशीचे वाण इथलेच, उस्मानशाही मिलही इथलीच. ती बंद पडली. कापूस वेचणारी बाई आज जो पॅड विकत घेते त्यात बहुधा लाकडाचा लगदा, शोषक पॉलिमर आणि प्लास्टिकचा पापुद्रा असतो. सुगंधी पॅड टाळावेत, एवढे तिला आजच सांगता येईल. त्यापलीकडची निवड गावातल्या दुकानात तिच्यासमोर नसतेच.

म्हणून मागणी शासनाकडे केली पाहिजे. पाकिटावर सर्व घटक छापण्याची सक्ती करणारा कायदा न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली केला. आपल्याला तो का नको? शिवाय जिथे शासन स्वतःच पॅड पुरवते तिथे कायद्याची वाटही पाहावी लागत नाही. ८ मार्च २०१८ रोजी सुरू झालेल्या ‘अस्मिता’ योजनेत जिल्हा परिषद शाळांतील मुलींना बचत गटांमार्फत आठ पॅड पाच रुपयांत देण्याचे ठरले होते. अशा खरेदीच्या निविदेत घटकांची यादी आणि थॅलेट्सची चाचणी यांचे एक कलम घालणे पुरेसे आहे. चाचणीचा खर्च मात्र शासनाने सोसावा. तो लहान उत्पादक गटांच्या माथी मारला, तर तपासणीच्या नावाखाली तेच आधी बुडतील आणि सारा बाजार दोन-चार बड्या कंपन्यांच्या हाती जाईल.