बाटल्या पाच, चेहरा एक

गेल्या आठवड्यात सनस्क्रीनवर लिहिलं आणि त्याच रविवारी भाची घरी आली, नाकपुड्यांच्या कडा लालबुंद. "मावशी, साधं पाणी लागलं तरी चरचरतंय गं." मी तिची पिशवी टेबलावर उलटी केली. फेसवॉशमध्ये २ टक्के सॅलिसिलिक, टोनरमध्ये ७ टक्के ग्लायकोलिक, सीरममध्ये १० टक्के लॅक्टिक, वर पिंपल्ससाठी १० टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड. पाचवी बाटली मॉइश्चरायझरची, ती अजून सीलबंद. मैत्रिणीचं लग्न तोंडावर आलेलं, म्हणून सगळं एकाच दिवशी सुरू.

याच्यासोबत ते नको, असे तक्ते हल्ली प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये असतात. जणू दोन आम्लं भेटली की स्फोटच होणार. तसं काही नसतं. त्वचेचे डॉक्टर जे जेसनरचं द्रावण वापरतात, त्यात सॅलिसिलिक, लॅक्टिक आणि रिसॉर्सिनॉल, तिन्ही १४-१४ टक्के, अल्कोहोलमध्ये एकत्रच असतात. फक्त ते डॉक्टर स्वतः, चेहऱ्यावर नजर ठेवून लावतात आणि मग काही आठवडे त्वचेला सोडून देतात. भाची रोज रात्री लावत होती.

सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून ते तेलानं बुजलेल्या छिद्रात शिरतं. ग्लायकोलिक आणि लॅक्टिक पाण्यात विरघळणारी. ती वरच्या मृत पेशींची वीण सैल करतात. वाटा वेगळ्या, पण सोलला जातो तो एकच थर, आणि चेहऱ्यावर तो केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो. बाटल्यांवरचे टक्के वेगवेगळे वाचायचे असतात, हे आपल्याला कोणी शिकवलं कोण जाणे. त्यात आपली गव्हाळ-सावळी कातडी. जळजळ ओसरली तरी काळा डाग मागे राहतो, आणि त्या डागासाठी सहावी बाटली येते!

खरी रासायनिक कुरबुर आहे ती ट्रेटिनॉइन (हेही पिंपल्सचंच औषध) आणि बेंझॉइल पेरॉक्साइडची. एकत्र लावले तर पेरॉक्साइड ट्रेटिनॉइन निकामी करू शकतं. ट्रेटिनॉइनच्याच घराण्यातलं अ‍ॅडापॅलिन मात्र पेरॉक्साइडसोबत एकाच ट्यूबमध्ये सुखानं नांदतं. आणि पेरॉक्साइड १० टक्क्यांचंच कशाला? २.५ टक्क्यांचं पिंपल्सवर जवळपास तेवढंच काम करतं, आग कमी करतं.

माझा राग लेबलांवर आहे. टक्के ठळक अक्षरांत, पण 'आज हे लावलंत तर दुसरं आम्ल नको' एवढी ओळ छापायला जागा मिळत नाही. त्यातल्या त्यात, अमेरिकेचं औषध प्रशासन ग्लायकोलिक-लॅक्टिक गटाच्या प्रसाधनांवर उन्हाचा इशारा छापायला सांगतं: वापरताना आणि थांबवल्यावरही आठवडाभर सांभाळा.

भाचीला म्हटलं, चरचर पूर्ण थांबेपर्यंत सगळं बंद. साधा फेसवॉश, ती सीलबंद बाटली आणि सनस्क्रीन. नाहीच थांबली तर डॉक्टर. मग एकच आम्ल, आठवड्यातून दोन रात्री. ते महिनाभर सोसलं तर दुसऱ्याचं बघू, तेही वेगळ्या रात्री.

"मग लग्नापर्यंत नुसतं दही-बेसन लावू?"

दह्यातही लॅक्टिकच असतं, म्हटलं. ती गप्प.

रात्री बहिणीचा फोन. लेकीच्या मरून अभ्र्यावर पांढरे चट्टे पडलेत, म्हणून तिनं दोनदा साबण पावडर बदलली होती. पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवतं, हे त्या ट्यूबवर छापलं होतं. बारीक अक्षरांत.