पंगत, प्रभुभोजन आणि शरणपूर

प्रभुभोजन ही भक्त आणि देव यांच्यातील खाजगी बाब, असे आजकाल चर्चमधली जाणती माणसेही सहज बोलून जातात. पहिल्या दोन शतकांतील ख्रिस्ती मंडळींना हे विधान कळलेच नसते.

इ. स. ५३-५५ च्या सुमारास पौलाने करिंथकरांना लिहिलेले पत्र पाहा. त्याचा संताप भाकरीच्या तात्त्विक स्वरूपावरून नाही. सधन मंडळी आधीच खाऊनपिऊन मोकळी होत आणि गरीब उपाशी राहत, यावर तो भडकला आहे. हे प्रभूचे भोजनच नव्हे, असे तो बजावतो. पंगतभेद म्हणजे काय हे ज्याला शिकवावे लागत नाही, त्या मराठी वाचकाला हा अध्याय युरोपीय भाष्यकारांआधी उमगायला हवा! त्याच पत्रातला ‘कोइनोनिया’ हा ग्रीक शब्द सहभाग, भागीदारी सांगतो.

शंभरेक वर्षांनी रोममध्ये जस्टिन मार्टर लिहितो, की गैरहजर असलेल्यांचा वाटा डीकन घरी पोहोचवीत आणि त्याच सभेत जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान, परके यांची सोय होई.

कोणी म्हणेल, बाप्तिस्मा न झालेल्यांना तेथे मज्जाव होता. होता, जस्टिनच तसे सांगतो. उंबरठा होता, पण तो जन्माचा नव्हता.

आता आपले नाशिक. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसवलेल्या शरणपुरात गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुले मराठी ख्रिस्त्यांसोबत राहिली, शिकली. लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत १८७४ मध्ये इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. जवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक. पती १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी सोवळे सोडले नव्हते, १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्मांतरातला अवघड भाग प्रार्थनेपेक्षा ताटापाशी असतो, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आणि आज? रविवारी एका प्याल्यातून पिणारी कुटुंबे सोमवारी स्थळ पाहताना पूर्वीची जात विचारतात. अशांना प्रभुभोजन खाजगी वाटणे सोयीचेच आहे.

विधीच्या वेळी करिंथकरांच्या पत्राचा अकरावा अध्याय बहुधा तेविसाव्या वचनापासून वाचला जातो. पंगतीचे भांडण सतराव्या वचनापासून सुरू होते.