वॉटचा आकडा आणि बैठकीची खोली

सोलापूरकडून येताना गोदावरीचा पूल ओलांडला की महामार्गाच्या कडेला शहागड लागते. अशा बाजारगावांतील व्यापारी घरांची जुनी रचना म्हणजे समोर दुकान आणि मागे किंवा माडीवर घर. आता नवी घरे उभी राहत आहेत, बैठका ऐसपैस होत आहेत. चांगला चित्रपट पाहायचा तर जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. तेव्हा दहा-बारा जणांच्या एकत्र कुटुंबाला घरीच ती सोय असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. मोठा दूरचित्रवाणी संच येतो, पाच-सहा स्पीकर येतात आणि मग त्यांना चालवणाऱ्या रिसिव्हरची निवड करण्याची वेळ येते. खर्च वाया जातो तो बहुधा येथेच. विक्रेता खोक्यावरील वॉटचा आकडा दाखवतो आणि एरवी गोणीवरच्या छापील वजनावर विश्वास न ठेवता माल काट्यावर चढवणारा आपला व्यापारी तो आकडा मात्र निमूटपणे मान्य करतो.

रिसिव्हर ही एका पेटीत बसवलेली तीन माणसे आहेत असे समजावे. पहिला आलेला माल घेतो, म्हणजे दूरचित्रवाणी, सेट-टॉप बॉक्स किंवा डिस्क प्लेअर यांच्याकडून आवाजाचा संकेत स्वीकारतो. दुसरा मुनीम, कोणता आवाज पुढच्या स्पीकरला, कोणता मागच्या, कोणता मधल्या, याची तो वाटणी करतो. तिसरा हमाल, स्पीकरचे पडदे हलवण्यासाठी लागणारी शक्ती तो पुरवतो. या हमालाचे नाव ॲम्प्लिफायर. पाच किंवा सात हमाल एकाच पेटीत आणि एकाच ट्रान्सफॉर्मरवर पोसलेले असतात, हे मात्र खोक्यावर ठळक लिहिलेले नसते.

‘प्रत्येक चॅनलला १०० वॉट’ या वाक्याच्या खाली बारीक अक्षरांत काय आहे ते वाचावे. पुष्कळदा हा आकडा फक्त दोनच चॅनल चालू ठेवून मोजलेला असतो. कधी एकच चॅनल, एकच स्वर आणि दहा टक्के विकृती धरून मोजलेला असतो. दहा टक्के विकृती म्हणजे कानाला सहज कळणारा बिघाड. पूर्वी आपल्याकडे हातात उचलता येणाऱ्या टेपरेकॉर्डरवरही ‘पीएमपीओ’ म्हणून हजारो वॉट छापलेले असत; त्या आकड्याला कसलाच आधार नव्हता. अमेरिकेत असल्या दाव्यांना आवर घालण्यासाठी १९७४ सालीच सरकारी नियम करावा लागला होता. विचारण्याचा प्रश्न असा: ८ ओहमच्या भारावर, २० ते २०,००० हर्ट्झ या संपूर्ण पट्ट्यात, अत्यल्प विकृतीसह किती वॉट, आणि किती चॅनल एकाच वेळी चालवून? या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा ८० वॉटचा रिसिव्हर, उत्तर टाळणाऱ्या १५० वॉटच्या रिसिव्हरपेक्षा केव्हाही चांगला.

आता आपल्या बैठकीचा हिशेब मांडू. स्पीकरच्या पत्रकावर ‘संवेदनशीलता’ दिलेली असते. समजा ती ८८ डेसिबल आहे. याचा अर्थ, त्या स्पीकरला १ वॉट दिला तर एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज मिळतो. अंतर दुप्पट झाले की उघड्यावर ६ डेसिबल घटतात. बंद खोलीत भिंतींमुळे घट थोडी कमी असते, पण आपण कडक हिशेब धरू. म्हणजे दोन मीटरवर ८२ आणि चार मीटरवर, सुमारे तेरा फुटांवर, ७६. साधा संवाद ६५ डेसिबलवर आरामात ऐकू येतो. त्याला एका वॉटच्या दहाव्या भागाहूनही कमी शक्ती पुरते! चित्रपटातील ढोल-ताशांचा किंवा स्फोटाचा क्षणिक कडाका ९० डेसिबलपर्यंत न्यायचा तर २५ वॉट लागतील. त्यापुढे मात्र व्याज चढते: दर ३ डेसिबलला वॉट दुप्पट. ९३ला ५०, ९६ला १००, ९९ला २००. आणि कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे दहापट वॉट. ८० वॉटऐवजी १०० वॉटचा रिसिव्हर घेऊन हाती काय लागते? एक डेसिबल. तो फरक जेमतेमच जाणवतो.

तेरा फुटांवर बसणाऱ्या कुटुंबाला मध्यम प्रतीचा प्रामाणिक रिसिव्हर पुरेसा आहे, हे यावरून दिसते. पण नव्या घरातील दिवाणखाना सव्वीस फूट लांब असेल आणि शेवटच्या गादीवर बसणाऱ्यालाही तेच ऐकू यावे अशी अपेक्षा असेल, तर त्याच ९० डेसिबलला २५ऐवजी १०० वॉट आणि ९६ला ४०० वॉट लागतील. स्पीकर ८५ डेसिबलचे असतील तर ही रक्कमही दुप्पट. स्पीकर ४ ओहमचे असतील तर ते विद्युतप्रवाह जास्त ओढतात आणि साधा रिसिव्हर तापून स्वतःला बंद करून घेतो. बाहेरचा ॲम्प्लिफायर खरोखर लागतो तो येथे. शक्ती कमी पडली की आवाजाच्या लाटांचे शेंडे छाटले जातात. कानाला तो कर्कशपणा जाणवतो आणि उंच स्वरांचा नाजूक स्पीकर जळू शकतो. कमी शक्तीचे यंत्र पूर्ण पिळून वापरणे हे जास्त शक्तीचे यंत्र बेताने वापरण्यापेक्षा स्पीकरला अधिक घातक असते.

हंगामात मुनीम तोच राहतो, हमाल वाढवतात. येथेही तसेच करायचे असते. रिसिव्हरच्या पाठीवर ‘प्री-आउट’ नावाच्या खोबण्या असतात; त्यांतून शक्ती न चढवलेला, पण वाटणी झालेला संकेत बाहेर मिळतो. तो साध्या आरसीए तारेने बाहेरच्या ॲम्प्लिफायरकडे न्यायचा आणि तेथून स्पीकरकडे. सगळे स्पीकर हलवण्याची गरज नसते. पुढचे डावे-उजवे दोन बाहेर काढले की रिसिव्हरचा ट्रान्सफॉर्मर मधल्या आणि मागच्या स्पीकरसाठी मोकळा होतो. आवाज कमी-जास्त करण्याचे काम रिसिव्हरच्याच रिमोटवर राहते. जोडणी झाल्यावर रिसिव्हरसोबत आलेला मायक्रोफोन मांडून मोजमाप पुन्हा करावे (डेनॉन-मरँट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपीएओ अशी नावे आढळतात), कारण नव्या हमालाची उचल जुन्यापेक्षा वेगळी असते. दोन्ही यंत्रांना १२ व्होल्टची ‘ट्रिगर’ सोय असेल तर रिसिव्हर बंद करताच ॲम्प्लिफायरही बंद होतो.

म्हणून आज ॲम्प्लिफायर घ्यायचा नसला तरी रिसिव्हर घेताना प्री-आउट पाहून घ्यावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. स्वस्त रिसिव्हरना बहुधा फक्त सबवूफरचीच खोबण असते. पुढच्या दोन चॅनलचीही हवी. रिसिव्हर जुना होतो तो त्यातील मुनीमगिरीमुळे. एचडीएमआयची २.० ही आवृत्ती २०१३ची, २.१ ही २०१७ची; दर काही वर्षांनी असे नवे येतच राहते. वजनदार ट्रान्सफॉर्मरचा चांगला ॲम्प्लिफायर मात्र वीस वर्षेही कामाला येतो, आणि रिसिव्हर बदलला तरी तोच पुढे चालतो.

तरीही ॲम्प्लिफायरच्या आधी दोन गोष्टी करून पाहाव्यात. ‘आजोबांना संवाद ऐकू येत नाहीत, गाण्याला मात्र कान फुटतात’ ही घरोघरची तक्रार वॉटने मिटत नाही. संवाद प्रामुख्याने मधल्या स्पीकरमधून येतो. तो कपाटाच्या कप्प्यात खोल ढकललेला असतो किंवा त्याचे तोंड गुडघ्यांकडे असते. तो कडेला ओढून बसणाऱ्याच्या कानाकडे किंचित वर वळवावा आणि रिसिव्हरमध्ये फक्त त्याच चॅनलची पातळी २-३ डेसिबलने वाढवावी. फरशी, काच आणि गिलाव्याच्या भिंती यांनी घुमणाऱ्या खोलीत शब्द विरघळतात. तेथे सतरंजी, गाद्या आणि जाड पडदे टाकावेत. ज्यांचे कापडाचे दुकान आहे त्यांना हा उपाय घरच्या मालातून करता येईल.

दुसरी गोष्ट सबवूफरची. खर्जाचा आवाज सर्वाधिक शक्ती खातो. स्वतःचा ॲम्प्लिफायर पोटात असलेला सबवूफर घेऊन ८० हर्ट्झखालचे सगळे त्याच्याकडे सोपवले की रिसिव्हरचे ओझे निम्म्याहून हलके झाल्यासारखे वाटते. पुष्कळ घरांत मग बाहेरच्या ॲम्प्लिफायरचा विषयच उरत नाही. कार्यालयातला, मंडपातला ॲम्प्लिफायर घरी जोडावा का, असेही काही जण विचारतात. जोडू नये. तो लांब तारांवरून कर्ण्यांपर्यंत भाषण पोहोचवण्यासाठी बनवलेला असतो. त्यात बहुधा डावे-उजवे असा भेदच नसतो.

विजेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. जुन्या वाड्यांत अर्थिंग नावापुरते असते. रिसिव्हर आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या खोल्यांतील प्लगवर लावले तर स्पीकरमधून अखंड घूं-घूं ऐकू येते. दोन्ही एकाच बोर्डावर घेतली की ती पुष्कळदा थांबते. काही कारागीर ती घालवण्यासाठी अर्थिंगची पिन तोडून टाकतात. असे कदापि करू देऊ नये, धक्का घरातल्याच कोणाला तरी बसेल. खड्ड्यात कोळसा-मीठ घालून अर्थिंग नीट करून घ्यावे. इन्व्हर्टर वापरायचा तर साइन वेव्हचाच. चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो.

पेठेत भिंतीला भिंत लागून घरे असतात, आणि खर्ज भिंत ओलांडतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. बहुतेक रिसिव्हरमध्ये रात्रीसाठी आवाजाचे चढउतार आवळणारी सोय असते. तिने संवाद तेवढाच राहतो आणि स्फोट दबतात. शेजारच्या घरी परीक्षा असेल तर तीच वापरावी.

खरेदीला जाताना आपल्या ओळखीचे एखादे गाणे सोबत न्यावे आणि पाचही स्पीकर चालू ठेवून ऐकावे. त्यासाठी जुने, एकाच चॅनलवर ध्वनिमुद्रित झालेले गीत निवडू नये; त्यात पाच स्पीकरना वाटून देण्यासारखे काही नसते. परदेशातील नातलगाकडून यंत्र मागवायचे असेल तर पाठीवरील व्होल्टेज आधी विचारावे. अमेरिकेतील १२० आणि जपानमधील १०० व्होल्टचे यंत्र आपल्या २३० व्होल्टवर सरळ लावले तर पहिल्याच दिवशी जळेल. आणि बिल दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घेण्याचा मोह आवरावा. खासगी उपभोगाच्या वस्तूंवरील कराची वजावट केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)नुसार मिळत नाही. बिल घरच्या व्यक्तीच्या नावाने, यंत्राच्या अनुक्रमांकासह आणि भारतातील अधिकृत वॉरंटीच्या नोंदीसह घ्यावे; दुरुस्तीची वेळ आली की सेवा केंद्रात प्रथम तेच मागतात.