आधी रिमोट, मग हेलिकॉप्टर

रेडिओवर उडणारं हेलिकॉप्टर शिकायचं ठरलं की घरोघरी पहिली खरेदी होते ती हेलिकॉप्टरची. माझ्या मते ती सगळ्यात शेवटी व्हायला हवी. आधी रिमोट, मग सिम्युलेटर, मग चार्जर, त्यानंतर तोल सांभाळणारा जायरो आणि पाती हलवणारे सर्व्हो. सांगाडा आणि मोटर सावकाश आली तरी चालते. हा क्रम सांगितला की समोरचे आईवडील माझ्याकडे जरा संशयानेच पाहतात. पोराला उडवायचंय, आणि हा गृहस्थ न उडणाऱ्या वस्तूंची यादी देतोय!

मी चिंचवडला एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात नोकरी केली. निवृत्तीनंतर घरच्या बाल्कनीत एक टेबल, सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर एवढा संसार मांडला आहे. कॉलनीतली मुलं, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी मोडकी मॉडेलं घेऊन येतात. "काका, बघा ना जरा, काल उडत होतं." पिशवीतून काय बाहेर पडतं यावरून पैसे कुठे गेले ते लगेच कळतं. कार्बन फायबरचा सांगाडा झगझगीत, रोटर हेड लखलखीत अॅल्युमिनियमचं, आणि रिमोट मात्र खेळण्यातला. चार्जर तर बॅटरीवर फुकट आलेला.

नवशिक्याचं हेलिकॉप्टर पडतं. पोरगा कितीही हुशार असो, पडतंच. पडलं की पाती जातात, मधला शाफ्ट वाकतो, शेपटीची नळी दुमडते, मोठ्या गिअरचे दात उडतात. हातातला रिमोट आणि टेबलावरचा चार्जर मात्र शाबूत राहतो, आणि पुढच्या हेलिकॉप्टरला, विमानाला, ड्रोनलाही तोच चालतो. म्हणून शंभर रुपये असतील तर साठ जमिनीवर राहणाऱ्या वस्तूंवर घाला, चाळीस हवेत सोडा. बाजारात नेमकं उलटं चालतं, कारण काचेच्या कपाटात हेलिकॉप्टर शोभून दिसतं, चार्जर दिसत नाही.

मी बोलतोय ते '४५०' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आकाराबद्दल. मुख्य पंख्याचा व्यास साधारण ७०० मिलिमीटर, तीन सेलची २२०० एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. याहून लहान मॉडेल घरात उडतं, पण वाऱ्यात भिरभिरतं. याहून मोठं पडलं की खिसा रिकामा करतं. शिवाय या आकाराचे सुटे भाग सहज मिळतात, आणि नवशिक्याला हेलिकॉप्टरपेक्षा सुटे भागच जास्त लागतात.

आता रिमोट. पात्यांचा कोन उडता उडता बदलणाऱ्या हेलिकॉप्टरला किमान सहा चॅनल लागतात: डावं-उजवं, पुढे-मागे, शेपूट, थ्रॉटल, पात्यांचा कोन आणि जायरोची तीव्रता. पात्यांचा कोन बदलणाऱ्या चकतीखाली, म्हणजे स्वॉशप्लेटखाली, तीन सर्व्हो १२० अंशांवर बसतात. वर जायचं तर तिघांनी एकदम उचलायचं, झुकायचं तर कोणी खाली तर कोणी वर. ही वाटणी रिमोट तरी करतो, नाहीतर जायरो. त्यामुळे दुकानात 'सहा चॅनल आहेत' एवढं ऐकून भागत नाही. हेलिकॉप्टर मोड आहे का, सिम्युलेटरला जोडता येतो का, त्याचे रिसीव्हर सुटे आणि स्वस्त मिळतात का, हे विचारा. आणि थ्रॉटल होल्डचं बटण आहे का, हे तर आवर्जून. या बटणाने मोटर तत्काळ बंद होते, पात्यांचा कोन मात्र तुमच्याच हातात राहतो. मोटर चालू असताना पाती जमिनीत घुसली की सांगाड्याचा चुराडा होतो. तेच मोटर बंद असेल तर बहुधा पात्यांवर निभावतं.

पूर्वी ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झचे रिमोट असत. मैदानावर दोघांचा क्रिस्टल एकाच चॅनलचा निघाला आणि दोघांनी एकदम स्विच टाकला की एकाचं मॉडेल गेलंच म्हणून समजा. २.४ गिगाहर्ट्झने ती कटकट मिटवली. पण एका कंपनीचा रिमोट दुसरीच्या रिसीव्हरशी सहसा बोलत नाही. रिमोट निवडणं म्हणजे पुढची काही वर्षं कोणाचे रिसीव्हर घ्यायचे ते ठरवणं.

सिम्युलेटरचा विषय काढला की पालक म्हणतात, "म्हणजे पुन्हा कॉम्प्युटर गेमच ना?" तसा तो गेमच. पण हेलिकॉप्टरचं नाक आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि बोटांना हे उमगायला वेळ लागतो. तो वेळ पडद्यावर फुकट मिळतो. मैदानावर प्रत्येक चुकीला नवी पाती लागतात. हातात तोच रिमोट धरून सिम्युलेटरवर नाक समोर ठेवून स्थिर तरंगता येईपर्यंत मी मुलांना किट घेऊ देत नाही. यातच बऱ्याच जणांची हौस फिटते. तीही बचतच.

बॅटरी आणि चार्जर हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात धोक्याचा भाग. लिपोचा प्रत्येक सेल भरला की ४.२ व्होल्ट, ठेवून द्यायचा तर सुमारे ३.८, आणि ३ व्होल्टच्या खाली उतरला की खराबच. तीन सेलच्या बॅटरीला जाड तारांशिवाय चार बारीक तारांचा एक पांढरा प्लग असतो. चांगला चार्जर त्यातून प्रत्येक सेलचे व्होल्ट वेगवेगळे दाखवतो आणि तिघांना एका पातळीवर आणतो. तीन दिवे लाल-हिरवे करणारी डबी हे आकडे दाखवत नाही, वर बॅटरी भरायला तीन-तीन तास घेते. योग्य चार्जरवर २.२ अँपिअरने तेच काम तासाभरात होतं. क्षमतेच्या किती पट प्रवाह मिळेल ते सांगणाऱ्या, बॅटरीवर ठळक छापलेल्या 'सी'च्या आकड्याला भुलू नका. २५ सी खरा असेल तर २२०० एमएएचची बॅटरी ५५ अँपिअर देऊ शकते. साधं तरंगायला १५ अँपिअर पुरतात. क्षमतेच्या ८० टक्केच वापरायचं ठरवलं तर हातात सहा-सात मिनिटं येतात. रिमोटवर पाच मिनिटांचा गजर लावा. फुगलेली बॅटरी 'अजून एकदा' म्हणून लावू नका, चार्जिंगला लावून झोपू नका, आणि मे महिन्यात बंद गाडीत लिपो ठेवून जेवायला जाऊ नका.

हवेत जाणाऱ्या वस्तूंमध्ये हात सैल सोडायचा तो जायरोसाठी. हेलिकॉप्टर स्वतःहून स्थिर राहत नाही, ही अडचण जुनीच आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये आर्थर यंग नावाचा माणूस १९२८ पासून एका गोठ्यात लहान लहान मॉडेलं करत बसला होता. पंख्याला जोडलेल्या वजनदार दांडीने तोल सांभाळता येतो हे त्याला तिथे सापडलं. विजेच्या मोटरवरचं मॉडेल घेऊन तो १९४१ मध्ये बेल कंपनीत गेला आणि त्यातून पुढे 'बेल ४७' आलं. मार्च १९४६ मध्ये नागरी वापराचा परवाना मिळालेलं ते अमेरिकेतलं पहिलं हेलिकॉप्टर. दांडीने तोल सांभाळायची युक्ती मॉडेलांच्या रोटरवर कित्येक वर्षं टिकली. आता ते काम नखाएवढ्या चिपमधला तीन अक्षांचा जायरो करतो. मोबाइल फोनमुळे या चिपा स्वस्त झाल्या, त्याचा फायदा आपल्यालाही मिळाला. बटण दाबताच हेलिकॉप्टर सरळ करून वर उचलणारी 'रेस्क्यू' सोय परवडत असेल तर जरूर घ्या. मात्र स्वतःच सतत तोल सावरणाऱ्या मोडवर शिकू नका. तो मोड काढला की शिकणं पहिल्यापासून सुरू होतं.

जायरो कितीही महाग असला तरी उलटा लावला तर पहिल्याच उड्डाणात शेपूट गरगर फिरते. त्यामुळे मी मुलांकडून टेबलावर एक चाचणी करून घेतो. मुख्य पाती काढायची, मोटरच्या तिन्ही तारा सोडवायच्या, मग बॅटरी लावायची. दिवा स्थिर होईपर्यंत मॉडेलला हात लावायचा नाही, कारण तेवढ्या वेळात जायरो स्वतःचं शून्य ठरवत असतो. मग शेपटीची, म्हणजे रडरची काडी उजवीकडे न्यायची आणि शेपटीचा छोटा पंखा कोणत्या बाजूला वळतो ते पाहून ठेवायचं. काडी सोडायची. आता सांगाडा धरून नाक झटकन डावीकडे फिरवायचं. जायरोने ते उजवीकडे आणायला बघितलं पाहिजे, म्हणजे छोटी पाती मघाच्याच बाजूला वळली पाहिजेत. उलटी वळली तर जायरोची दिशा बदला. दोन मिनिटांचं काम. पण मुलांना घाई असते. "काका, मैदानावर बघू ना!" नाही रे बाबा, मैदानावर बघायला काही उरत नाही.

सर्व्होंमध्येही मेख आहे. पुण्याला तपकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मिळणारे नऊ ग्रॅमचे प्लास्टिक गिअरवाले सर्व्हो रोबोटचा हात हलवायला ठीक असतात. स्वॉशप्लेटखाली ते सतत थरथरतात, आणि पहिल्या आपटीतच आतल्या चाकाचे दोन-तीन दात जातात. असा सर्व्हो उघडून पाहा. चाक एरवी धडधाकट दिसतं, फक्त एका जागी सपाट. तेवढ्या जागेवर आला की तो घसरतो आणि हेलिकॉप्टर एका बाजूला कलंडतं. तिथे धातूच्या गिअरचे तीन सारखे सर्व्हो हवेत. शेपटीला त्याहून वेगवान, ६० अंश फिरायला ०.०८ सेकंद किंवा कमी घेणारा. आणखी एक सांभाळा. साध्या अॅनालॉग सर्व्होला सेकंदाला ५० सिग्नल झेपतात, तर जायरो डिजिटल सर्व्होसाठी ३३३ पर्यंत पाठवू शकतो. जायरोचं सेटिंग न बदलता अॅनालॉग सर्व्हो जोडला तर तो तापून जळतो, आणि पोरं दुकानदाराला शिव्या देतात.

ड्रोनची लाट आल्यापासून सुट्या भागांची चंगळ आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुट्या भागांना मात्र मोकळीक राहिली. त्यामुळे बॅटऱ्या, चार्जर, रिमोट इथेच मिळू लागले. पण मोटरचा वेग सांभाळणारी ईएससी ड्रोनची असेल तर ती हेलिकॉप्टरला लावायची नाही. ड्रोनच्या मोटरला क्षणात वेग पकडावा लागतो. हेलिकॉप्टरचा लांब पंखा हळूहळू फिरू लागला पाहिजे, नाहीतर गिअरचे दात जातात. 'सॉफ्ट स्टार्ट' असलेली, हेलिकॉप्टरसाठी बनवलेली ४० अँपिअरची ईएससी घ्या. तिच्यातला बीईसी बॅटरीच्या व्होल्टेजचे ५ व्होल्ट करून रिसीव्हर आणि सर्व्होंना देतो. तो लिनिअर असेल तर वरचे व्होल्ट नुसती उष्णता होतात. १२.६ व्होल्टची भरलेली बॅटरी आणि सर्व्होंचे २ अँपिअर धरले तर १५ वॅट एवढ्याशा चिपवर. ती तापून बंद पडली की रिमोटचं ऐकायला हवेत कोणी उरत नाही. 'स्विचिंग बीईसी' हे दोन शब्द पाकिटावर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

मोटरवर मात्र डोकं फोडून घ्यायची गरज नाही. ३५०० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३५०० फेऱ्यांची मोटर, ११.१ व्होल्ट, मोटरवर ११ दातांचा पिनियन आणि खाली १५० दातांचा गिअर, असा गुणाकार-भागाकार केला की पंख्याचे मिनिटाला सुमारे २,८५० फेरे येतात. भार आल्यावर ते २,४०० च्या आसपास उतरतात. शिकायला एवढे पुष्कळ. या वेगाला पात्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या वर पळत असतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे उडवणाऱ्याच्या हातून रिमोट काढून घ्यावा, असं माझं सरळ मत आहे. बॅटरीसह हे मॉडेल २५० ग्रॅमच्या खूप वर जातं, त्यामुळे २०२१ च्या ड्रोन नियमांतल्या सर्वांत छोट्या, 'नॅनो' गटात ते बसत नाही. ड्रोनसाठीच्या सरकारी 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर हिरवा पट्टा आहे का ते पाहून मगच मोकळं मैदान निवडा. पुण्यात लोहगाव विमानतळ आणि लष्कराचे परिसर लक्षात घेता हे आधी घरी बसून तपासलेलं बरं.

"एवढी कटकट, तर ड्रोनच घ्यावा की!" असं कोणी म्हणालं तर माझी हरकत नाही. लग्नाचे फोटो काढायचे असतील तर ड्रोनच घ्या. पण चार सर्व्हो, एक जायरो आणि एक मोटर यांपैकी कोण कोणाला काय सांगतो, कोणाचा वीजपुरवठा कुठून येतो आणि कोणती तार उलटी लागली की काय होतं, हे हेलिकॉप्टर मुलाला स्वतः शोधायला लावतं. ड्रोन ते झाकून ठेवतो. माझा खरा राग कॉलेजांवर आहे. तांत्रिक क्लबला निधी मिळाला की मोठं, देखणं मॉडेल येतं, उद्घाटनाला फीत कापली जाते आणि ते कपाटात जातं. त्याच पैशांत दोन चांगले रिमोट, सिम्युलेटरचा एक संगणक, दोन बॅलन्स चार्जर आणि सुट्या पात्यांचा खोका आला असता, आणि क्लबातल्या प्रत्येक मुलाच्या हाताला वळण लागलं असतं.

तेव्हा सुट्टी लागायच्या आधी पालकांनी एवढं करावं. पहिल्या महिन्यात रिमोट आणि सिम्युलेटर घ्यावा. मुलगा किंवा मुलगी तिथे टिकली तर दुसऱ्या महिन्यात चार्जर आणि दोन बॅटऱ्या. तिसऱ्या महिन्यात किट, आणि त्याच बिलात सुटी पाती, दोन शाफ्ट, एक मोठा गिअर. महिन्याभरात कंटाळा आला तर रिमोट विमान शिकणाऱ्या दुसऱ्या कोणाला विकता येतो. मोडलेलं हेलिकॉप्टर कोणी विकत घेत नाही.