मूळ रूपाचे खूळ

जुन्या इमारतीचा जीर्णोद्धार करायचा म्हटला की कुणीतरी शहाणा पुढे सरसावतो आणि म्हणतो, ‘आपण हिला हिचे मूळ रूप परत देऊ.’ हे वाक्य ऐकले की माझ्या अंगावर काटा येतो. मी साधा मॅट्रिक झालेला मास्तर, चार कादंबऱ्या लिहिल्या एवढाच काय तो अपराध. वास्तुशास्त्रातले मला काय कळणार? पण मूळ म्हणजे कुठले, एवढे विचारायला पदवी कशाला लागते?

इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमध्ये विंड्रश नदीकाठी बर्फर्ड नावाचे गाव आहे. तिथले सेंट जॉनचे चर्च घ्या. बाराव्या शतकात नॉर्मन पाथरवटांनी जाड भिंतींचा, गोल कमानींचा मनोरा उभारला. पुढे १२०० च्या सुमारास व्यापाऱ्यांच्या संघाने शेजारी आपले वेगळे प्रार्थनामंदिर बांधले. पंधराव्या शतकात गावात लोकरीचा पैसा खेळू लागला, तेव्हा जुन्या मनोऱ्यावर निमुळते शिखर चढले आणि शेजारचे ते मंदिर मुख्य इमारतीला जोडून घेतले गेले. आठव्या हेन्रीचा न्हावी एडमंड हार्मन ह्याने १५६९ मध्ये आत आपले स्मारक बसवले, त्यावर चक्क अमेरिकेतले मूळ रहिवासी कोरलेले! आता सांगा, ह्यातले कुठले मूळ आणि कुठले उपरे?

तिकडच्या गावचर्चांची घडणच अशी. वेदीकडचा भाग, आपण ज्याला गाभारा म्हणू, तो रेक्टरने सांभाळायचा आणि लोक बसतात तो सभामंडप गावकऱ्यांनी. दोघांच्या थैल्या निराळ्या, हौस निराळी. एकाने बांधकाम काढले तेव्हा दुसऱ्याकडे दमडी नसे. म्हणून एका छपराखाली दोन-दोनशे वर्षांचे अंतर नांदताना दिसते. सोळाव्या शतकात धर्म बदलला, तशी भिंतींवरची चित्रे चुन्याखाली गेली.

हे सारे एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांच्या डोळ्यांत खुपू लागले. १८३९ मध्ये केंब्रिजला स्थापन झालेल्या एका मंडळाने ठरवून टाकले, की चौदाव्या शतकारंभीची शैली तेवढी अस्सल. झाले! गावोगावी गिलावा खरवडला गेला, नंतरच्या खिडक्या उपटल्या गेल्या आणि त्या जागी ‘शुद्ध’ खिडक्या आल्या. शुद्ध खऱ्या, पण घडवल्या कालपरवाच्या टाकीने. हिला जीर्णोद्धार म्हणायचे की तोतयेगिरी?

ह्या पंथाचा अध्वर्यू म्हणजे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. आपल्या मुंबईचा राजाबाई टॉवर ह्याच्याच आराखड्यावरून झाला, आणि गृहस्थाने मुंबई कधी पाहिली नाही. नवे बांधण्यात त्याचा हात कुणी धरू नये. तक्रार आहे ती जुन्याला हात लावण्याची. त्याच्याच कचेरीत तयार झालेला स्ट्रीट बर्फर्डच्या कामावर होता. १८७६ मध्ये ते काम पाहून विल्यम मॉरिस संतापला. गंमत अशी, की हा मॉरिस तरुणपणी ह्याच स्ट्रीटच्या हाताखाली उमेदवारी करून गेलेला. त्याने हरकत घेतली तेव्हा तिथले पाद्रीबुवा म्हणे उत्तरले, की चर्च माझे आहे, मनात आले तर मी त्यात डोके खाली पाय वर करून उभा राहीन! पुढल्याच वर्षी स्कॉट ट्यूक्सबरीच्या चर्चला हात घालणार असे कळताच मॉरिसने पत्र लिहिले आणि १८७७ च्या मार्चमध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. लोकांनी तिचे नाव पाडले ‘खरवडविरोधी’.

कुणी म्हणेल, ‘मास्तर, छप्पर गळत असले तर काय हात जोडून बसायचे?’ मुळीच नाही. छप्पर शाकारा, पडती भिंत सावरा. विल्टशायरमधल्या इंगलशमच्या चिमुकल्या चर्चची डागडुजी १८८८-८९ मध्ये मॉरिसच्याच पुढाकाराने झाली. भिंतींवर शतकाशतकांच्या चित्रांचे नि अक्षरांचे थर एकावर एक होते, ते तसेच राहिले. जुनी लाकडी कठड्यांची बाकेही राहिली. शैली शुद्ध करणाऱ्याने तिथे काय ठेवले असते?

पण मला राहून राहून आठवते ते बर्फर्डच. १६४९ च्या मे महिन्यात क्रॉमवेलच्या फौजेतल्या तीनशेहून अधिक बंडखोर शिपायांना ह्या चर्चमध्ये कोंडले होते. तिघांना बाहेर नेऊन गोळ्या घातल्या. आत कोंडलेल्या अँथनी सेडली नावाच्या एका शिपायाने बाप्तिस्म्याच्या कुंडाच्या शिशाच्या अस्तरावर आपले नाव, साल आणि ‘कैदी’ हा शब्द कोरून ठेवला. तो शब्द त्याने इंग्रजीत चुकीचा लिहिला आहे. एक अक्षर गाळले आहे. मूळ रूपाच्या हिशेबी हा निव्वळ ओरखडा, घासून काढण्याजोगा. मी जन्मभर पोरांच्या वह्यांवर लाल शाई ओतली, पण तिथे एका अक्षरालाही हात लावण्याची माझी छाती होणार नाही.